मधल्या रांगेचा तळ

"तांडेल, हा खुंट कुठला?"

उपळेकर साहेब आमच्या घरामागच्या वाळूत उकिडवा बसला होता. हातात टेप, कानावर पेन्सिल. खुंट म्हणजे लाकडाचे लांब वासे, एका टोकाला तासलेले. पावसाळ्यानंतर नवे खुंट तासून आम्ही तिथं पसरून ठेवायचो. काही लांब, काही त्यांच्या निम्मे.

त्यानं लांब खुंटावर हात ठेवला होता.

"हा बाहेरचा," मी म्हणालो. "मधल्या रांगेचा."

"आणि जातो किती खोल?"

"अख्खा जातो. बोटभर टोक राहतं वर."

त्यानं टेप लावला, आकडा वहीत लिहिला. मग आखूड खुंटाकडं बोट केलं.

"आणि हे?"

"ते खाडीच्या तोंडाचे. तिथं तळ कडक हाय."

तेही त्यानं लिहिलं. मी उलटं सांगितलं होतं. लांब खुंट खाडीच्या तोंडाचे होते, तिथं गाळ इतका की माणूस उभा राहिला तर नाहीसा व्हावा. मधल्या रांगेत आखूड खुंटच लागतो. दीडदोन वाव, म्हणजे दोन माणसं बुडतील एवढा गाळ, आणि मग असा टणक तळ की जोरात ठोकलं तर खुंटाचं टोक फुटतं. हे मला वयाच्या बाराव्या वर्षापासून माहीत होतं.

आमचा धंदा ज्याला ठाऊक नाही त्याला थोडं सांगितलं पाहिजे. आम्ही नांदखारचे कोळी डोल लावतो. समुद्राच्या तळात दोन खुंट ठोकायचे, त्यांना पिशवीसारखं मोठं जाळं बांधायचं. भरती-ओहोटीचं पाणी मासळी आपोआप आत आणतं. ही जागा ज्याची त्याची ठरलेली असते, बापाकडून मुलाकडं येते. तिला कव म्हणतात. गावचे आठ कव किनाऱ्यापासून दोन तासांच्या अंतरावर एका ओळीत होते. तीच मधली रांग. एक कव आमच्या घरचा, माझा आणि धाकटा भाऊ पोशा याचा मिळून. त्या आठ कवांवर अर्धं गाव जेवायचं.

आणि त्याच पाण्यात सरकार पवनचक्क्या उभ्या करणार होतं.

उपळेकर एका कंपनीचा इंजिनिअर होता. पंचेचाळीसच्या आसपासचा, जाड भिंगाचा चष्मा, अंगानं काटकुळा. समुद्राचा तळ बघायला म्हणून तो कार्तिकात आमच्याकडं आला आणि महिनाभर माझी होडी भाड्यानं घेतली. पहिल्या दिवशी बंदर सुटायच्या आत ओकला. पोशानं त्याला सुका बोंबील भाजून दिला, म्हणाला, "साहेब, हा चावा, पोट जाग्यावर येतं." त्यानं चावला, पुन्हा ओकला, आणि तरी दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला धक्क्यावर हजर. पोशाला तो तिथंच आवडला. मला नाही आवडला. इतका त्रास काढून माणूस कशाच्या मागं आहे, हे मला कळत नव्हतं.

गोड बोलून विचारणाऱ्या माणसाचा मला धसका होता. त्याच्या दहा वर्षं आधी असाच एक जण आला होता. ओहोटीला होडी कुठं टेकते, कुठं टेकत नाही, असं विचारत फिरायचा. माझ्या बापानं त्याला घरी जेवायला घातलं, सगळं सांगितलं. दोन वर्षांनी मोठ्या जहाजांची वाट आखली गेली, ती माझ्या चुलत्याच्या कवावरून. बाप मरेपर्यंत त्या जेवणाबद्दल बोलत होता.

उपळेकरला लिलावाचं पहिल्यांदा विचारलं ते माझ्या बायकोनं. चांगू बंदरावर मासळीचा लिलाव बोलायची. तिचा आवाज धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकाला जायचा. लिलाव म्हटला की तिला राहवायचं नाही. एका दुपारी होडीवरून आल्यावर साहेब आमच्या ओटीवर जेवायला बसला होता, तेव्हा ती म्हणाली,

"काय हो साहेब, समुद्राचा लिलाव हाय म्हणतात. बोलणार कोण?"

"बोलत नाहीत वहिनी. लिहून द्यायचं. बंद पाकिटात."

"आनि जास्त लिवलं त्याला समुद्र?"

"नाही. कमी लिहिलं त्याला."

चांगूनं भाताचा डाव तसाच हातात धरला. "कमी? अवो, माझ्यासमोर पापलेटाची पाटी ठेवली आनि मी कमी बोलणाऱ्याला दिली, तर बायका मला धक्क्यावरून खाली ढकलतील."

उपळेकर हसला. मग त्यानं ताटातला भात बाजूला करून बोटानं समजावलं. समुद्रात चक्की उभी करायची तर खर्च फार. ती वीज महाग पडते, त्या भावानं कुणी घेणार नाही. म्हणून सरकार वरचा भार थोडा उचलतं, वर्षानुवर्षं. आता कंपन्या अनेक. प्रत्येकीनं पाकिटात लिहायचं की मला एवढा टेकू द्या, म्हणजे मी चक्क्या उभ्या करते. जी सगळ्यात कमी टेकू मागेल तिला ती जागा आणि तो टेकू.

"म्हणजे भीक कमी मागंल त्याला भीक," चांगू म्हणाली.

"तसंच समजा."

"मंग सगळ्यांनी एकदम कमी लिवायचं की."

"कमी लिहिलं आणि खर्च जास्त निघाला तर बुडाला. जास्त लिहिलं तर दुसऱ्याला गेलं. म्हणून तळ बघायचा. गाळ खोल असेल तर खांब लांब लागतो, खर्च वाढतो. तळ टणक असेल तर आखूड खांबात भागतं. सगळा हिशेब तिथं आहे."

"मंग यंत्रानं भोकं पाडून बघा ना," मी म्हणालो. "आमचे खुंट कशाला मोजता?"

"एका भोकाला तुमच्या होडीएवढे पैसे लागतात, तांडेल. लिलाव मिळेल की नाही माहीत नसताना कंपनी कितीशी भोकं पाडणार? दोन पाडली, तीही दक्षिणेला. मधलं आणि उत्तरेचं तुमच्याकडूनच कळणार."

"आनि आमची मधली रांग? तिचं काय करणार?"

त्यानं चष्मा काढून पुसला. "ते आत्ता मला सांगता येत नाही."

"का?"

"खांब कुठं येणार ते पाकिटात आहे. पाकीट उघडेपर्यंत बाहेर बोलायचं नाही, तशी सही केलीय मी. बाहेर गेलं तर दुसरी कंपनी त्यावरून आमची बोली ओळखेल."

मी मनात म्हटलं, माझ्या समुद्राचं मला सांगता येत नाही, आणि माझ्याकडून मात्र सगळं हवं.

तो गेल्यावर चांगू भांडी गोळा करत म्हणाली, "माणूस बरा वाटतो."

"तुला सगळेच बरे वाटतात."

"पाटीतल्या माशाचा कल्ला उचलून बघणारं गिऱ्हाईक खरं असतं. न बघता बोली लावणाऱ्याला मी भिते. दुसऱ्या कंपनीचा एक तरी माणूस आपल्या होडीवर आला का?"

मी तिचं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दोनच दिवसांनी मी त्याला दुसऱ्या कंपनीच्या माणसाबरोबर पाहिलं. बंदरावरच्या चहाच्या टपरीमागं दोघं बाकड्यावर बसले होते, एकमेकांच्या खांद्यावर थाप मारत. त्या माणसाला मी जीपमधून उतरताना आधी पाहिलं होतं, जीपवर त्या कंपनीचं चिन्ह होतं. उपळेकर त्याला काहीतरी परत परत सांगत होता, तो मान हलवून नाही म्हणत होता. मासळीचे व्यापारी लिलावाआधी असे बसले की समजायचं, आज भाव पडणार. दोघांनी आपसात वाटून घेतलं.

संध्याकाळी मी उपळेकरला विचारलं, "तो कोण होता?"

"कॉलेजातला मित्र. आता तिकडं आहे."

"काय बोलत होता?"

"ते नाही सांगता येणार, तांडेल." आणि तो ओशाळल्यासारखा हसला.

तेवढं पुरे होतं. त्या रात्री मी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटांचं उलटं सांगितलं. समुद्रावरही तेच केलं. आम्ही दोरीला शिशाचं वजन बांधून तळ बघतो. वजनाच्या बुडाला चरबी लावलेली असते, तिला तळाची माती चिकटून वर येते. मधल्या रांगेतही चिखल चिकटायचा आणि तिच्या उत्तरेच्या पट्टीतही, कारण वरचा थर सगळीकडं गाळाचाच. खाली काय आहे ते खुंटाला कळतं, शिशाला नाही. उपळेकर चिखल बोटांत चोळून विचारायचा, "किती खोल असेल हा?" मी म्हणायचो, "खुंट पाहिलात ना." उत्तरेच्या पट्टीत विचारलं तेव्हाही तेच. तिथला तळ मधल्या रांगेसारखाच टणक होता.

पोशा सुकाणूवर बसलेला असायचा. त्यानं माझ्याकडं एकदोनदा पाहिलं, पण बोलला नाही. तळाबद्दल तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, बोलला की दुसऱ्यानं बोलायचं नाही, ही आमच्या गावची रीत. एका होडीवर दोन माणसं दोन तळ सांगायला लागली तर होडी खडकावर जाते. बापाच्या मागं तांडेल मी होतो. घरी आल्यावर पोशा एवढंच म्हणाला, "दादा, मारलास ना त्याला?"

"बुडवला."

मच्छीमार सोसायटीत मी हे सांगितलं तेव्हा हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आमचा चेअरमन दामू मेहेर तर टेबलावर हात आपटत म्हणाला, "हाशादादा, साहेबाला खाडीचा खुंट विकलास! आता लिही म्हणावं टेकू, आभाळाएवढा!" माझा विचार सरळ होता. त्यानं गाळ खोल धरला की टेकू जास्त मागणार, जास्त मागितला की त्याला समुद्र मिळणार नाही. दोघं आपसात बोलत होते म्हणजे दुसऱ्यालाही तो तेच सांगणार. दोन्ही पाकिटं फुगणार, सरकार घाबरून लिलावच बंद करणार.

शिमग्याच्या आठ दिवस आधी निकाल लागला. उपळेकरची कंपनी हरली. दुसरीनं फार कमी मागितलं होतं आणि जागा तिला मिळाली.

तिचा नकाशा सोसायटीत आला. दामूनं तो भिंतीला लावला. निळ्या पाण्यावर लाल ठिपके, प्रत्येक ठिपका म्हणजे एक खांब. मला अक्षर येत नव्हतं, पण नकाशा येत होता. आठ ठिपके एका ओळीत होते. कुठल्या ओळीत, ते सांगायची गरज नव्हती.

लोक एकेका ठिपक्यावर बोट ठेवून मोजत गेले. मग सगळे एकदम बोलायला लागले. मोर्चा काढू, होड्या आडव्या लावू.

त्यानंतरच्या सोमवारी उपळेकर आला. एसटीनं आला, जीप नव्हती. सोसायटीच्या पडवीत आम्ही दहा-बारा जण बसलो होतो. चांगूही होती, लिलावाची वही द्यायला आली होती.

"तांडेल," तो उभ्याउभ्याच म्हणाला, "दोन गोष्टी सांगायच्या आहेत. आता सांगता येतात, पाकीट उघडलंय."

"बसा की साहेब," पोशानं त्याला बाकड्यावर जागा करून दिली.

"आमच्या आखणीत तुमची मधली रांग मोकळी सोडली होती. आठ खांब उत्तरेच्या पट्टीत न्यायचे होते. त्याचा खर्च वाढत होता. तिथं तळ टणक असता तर तो भरून निघाला असता. पण तुम्ही गाळ सांगितलात, तो खर्च त्याच्यावर चढला, आणि आम्ही हरलो."

दामूनं खोकल्यासारखं केलं. कुणी हसलं नाही.

"त्या दिवशी टपरीवर मी मित्राला तेच सांगत होतो. आकडे नाहीत, फक्त एवढंच की तू पण रांग सोड, मी पण सोडतो, म्हणजे कुणाला तोटा नाही. तो नाही म्हणाला. ते मी तुम्हाला तेव्हा सांगू शकत नव्हतो."

"आता कशाला सांगता?" मी म्हणालो.

"सांगतो. ज्यांना मिळालं त्यांच्याकडं एक जुनी मोजणी होती. पूर्वी कुणी तरी समुद्रातून केबल टाकायला मोजलेली. ती बरोबर तुमच्या रांगेवरून गेलेली. तिथं तळ टणक आहे हे त्यांना कागदावर दिसलं, म्हणून त्यांनी खांब तिथं ठेवले." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "म्हणजे तुम्ही मला मधल्या रांगेचं खोटं सांगितलंत. राग नाही मला. तुमच्या जागी मीही सांगितलं असतं. पण उत्तरेच्या पट्टीचंही खोटं सांगितलं असेल, तर आज खरं सांगा."

"का?"

"कारण करार अजून झालेला नाही. गुरुवारी जिल्ह्याच्या कचेरीत हरकती ऐकणार आहेत. खर्च वाढत नसेल तर खांब हलवता येतात, तसा नियम आहे. उत्तरेला तळ टणक असेल तर आठही खांब तिकडं जातील. त्यांचं काही बिघडत नाही, तुमची रांग वाचते. पण माझ्या अहवालात तुमच्या नावानं गाळ लिहिलाय. तो तुम्हीच खोडू शकता."

त्यानं पिशवीतून कागद काढला. त्यावर सगळं टाईप केलेलं होतं, खाली अंगठ्याला जागा. त्यानं वाचून दाखवला. मी, हाशा महादू तांडेल, असं सुरू होत होतं. मी आधी चुकीची माहिती दिली, उत्तरेचा तळ टणक आहे, असं पुढं.

सगळे माझ्याकडं बघत होते.

मला अक्षर येत नव्हतं, पडवीतल्या कुणालाच नीट येत नव्हतं. कागदावर काय आहे ते वाचणारा तोच, आणि लिहिणारा तोच. हरलेला माणूस पाच तास एसटीनं कशाला येईल? दुसऱ्याला मिळालेलं मोडायला. माझा अंगठा घेऊन जाणार, तिकडं म्हणणार बघा लिलावात घोळ आहे, पुन्हा करा. मग समुद्र ह्याच्या कंपनीला, आणि कागदावर नाव माझं, खोटारडा म्हणून.

"कंपनीनं पाठवलं ना तुमाला?" मी विचारलं.

"नाही. कंपनीकडून आलो नाही मी."

"हरलेला असंच बोलतो."

चांगू म्हणाली, "शाळेतल्या माने मास्तराला बोलवा. तो वाचून सांगंल काय लिवलंय ते."

"मास्तर सरकारचाच पगार खातो," मी म्हणालो.

"अवो, मंग देवाला बोलवू का?" ती चिडून म्हणाली. "गिऱ्हाईक पाटी पालथी करून दाखवतंय, तरी तुमी खाली काय हाय, खाली काय हाय!"

तेव्हा पोशा उठला. "दादा, उत्तरेला तर..."

"पोशा."

"मी सवता तिथं खुंट मोडलाय. मी देतो अंगठा."

"पोशा, तळ कोण सांगतो?"

तो उभा राहिला. पस्तीस वर्षांचा बाप्या, तीन पोरांचा बाप. बारा माणसांच्या देखत त्यानं मान खाली घातली.

"तू," तो म्हणाला.

मी उपळेकरकडं वळलो. "गाळ हाय," मी म्हणालो. "उत्तरेला गाळच हाय. लांब खुंट लागतो."

त्यानं मग कागदाची घडी घातली, आधी होती त्याच घडीवर. चांगूला नमस्कार केला, आणि एसटीच्या थांब्याकडं चालत गेला. पोशा त्याच्या मागं दहा पावलं गेला आणि परत आला.

पुढचं सगळं झपाट्यानं झालं. मोर्चा निघाला, होड्या आडव्या लागल्या, पोलिसांची लाँच आली, दामू दोन दिवस कोठडीत राहिला. मग भरपाईवर बोलणं आलं. भरपाई एकदा मिळते, आणि कव रोज भरायचा. एका मार्गशीर्षात आम्ही मधल्या रांगेतले खुंट स्वतः उपटून आणले, कारण नाहीतर ते कंपनीची माणसं कापणार होती. आखूड खुंट, टोकं फुटलेले. त्यानंतर पोशानं होडीतला आपला वाटा विकला आणि रत्नागिरीकडं दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेला. वर्षातले आठ महिने तिकडं.

गावात मला कुणी दोष दिला नाही. उलट लग्नात, वाडीच्या सभेत लोक नव्या माणसाला सांगायचे, "दोन चोर आलेले. एकाला हाशादादानं खाडीचा खुंट दाखवून पळवला. दुसरा सुटला." त्या सोमवारचं कुणी बोलायचं नाही. तळाबद्दल तांडेल बोलला होता, संपलं. एका नारळी पौर्णिमेला तर त्यांनी मला शाल दिली. मी घेतली.

मी अक्षर शिकलो त्रेसष्टाव्या वर्षी. होडी बंद झाली होती, गुडघे गेले होते, घरात बसून चांगूशी भांडणं व्हायची. माने मास्तर निवृत्त होऊन सोसायटीच्या गोदामात म्हाताऱ्यांचा वर्ग घ्यायचे. आम्ही सात जण होतो, सहा बाया आणि मी. बाया माझ्या आधी शिकल्या. जोडाक्षरांनी मला चार महिने छळलं. पण एकदा वाचता यायला लागलं की मी दुकानावरच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, पुड्यांचे कागद, सगळं वाचत सुटलो. चांगू म्हणायची, "आता माझं कपाळ तेवढं वाचायचं राहिलं."

सोसायटीच्या कपाटाला वाळवी लागली तेव्हा दामूनं जुनी कागदपत्रं बाहेर काढून उन्हात टाकली. म्हणाला, "दादा, तुला वाचायची हौस हाय, बघ यातलं ठेवायचं काय नि जाळायचं काय." मी तीन दिवस ते करत होतो. डिझेलच्या पावत्या, सभेच्या नोटिसा. तिसऱ्या दिवशी एक जाड लिफाफा निघाला, कचेरीचा शिक्का असलेला. फोडलेलासुद्धा नव्हता. बारा वर्षं तसाच.

आत हरकतींच्या सुनावणीचा कागद होता, त्या गुरुवारचा. सोसायटीला माहितीसाठी प्रत पाठवलेली. मी बोट ठेवून वाचायला लागलो. एकेक ओळ दोनदा.

हरकतदार, रमाकांत उपळेकर. स्वतः हजर. कोणत्याही कंपनीतर्फे नाहीत, पूर्वीच्या कंपनीची नोकरी त्यांनी सोडलेली आहे.

त्याच्याखाली त्याचं म्हणणं होतं. उत्तरेच्या पट्टीचा तळ टणक असावा असा त्यांचा अंदाज आहे. आठ खांब तिकडं हलवल्यास नांदखारच्या मच्छीमारांचे आठ कव वाचतील. जादा खर्च येणार नाही.

मग अधिकाऱ्यांनी पुरावा विचारला होता.

पुराव्याबाबत हरकतदाराने स्वतःहून मान्य केले की, स्थानिक तांडेल श्री. हाशा महादू तांडेल यांनी दोन्ही वेळा तेथे गाळ असल्याचे सांगितले आहे.

सरकारी कागदावर माझं नाव मी पहिल्यांदा वाचत होतो. त्यात चूक नव्हती. बापाचं नावही बरोबर होतं.

शेवटची ओळ छोटी होती. पुराव्याअभावी हरकत फेटाळण्यात येत आहे.

मी घरी गेलो आणि चांगूला वाचून दाखवायला लागलो. दोन ओळींवर तिनं मला थांबवलं.

"मला काय वाचून दावता?" ती म्हणाली. "पोशा आलाय परवापासून. त्याच्याकडं जा."

मे महिन्याचा शेवट होता, ट्रॉलर बंद झाले की पोशा घरी यायचा. आपल्या दारात माडाच्या सावलीत बसून तो जाळं विणत होता. मालकाचं जाळं, नायलॉनचं, हिरवं. त्याचे केस माझ्याहून पांढरे झाले होते. मी त्याच्या शेजारी बसलो आणि कागद उघडला. काय आहे ते त्यानं विचारलं नाही. मी वाचत गेलो. उपळेकरच्या नोकरीपाशी त्याची सुई थांबली आणि पुन्हा सुरू झाली. माझ्या नावापाशी थांबली नाही. 'फेटाळण्यात' या शब्दावर मी अडखळलो, परत जुळवला, पुढं वाचला.

"संपलं?"

"संपलं."

तो जाळ्याची दोनतीन घरं विणत राहिला. गाठ ओढायची, सोडायची. मग सुई मांडीवर ठेवून त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"उत्तरेचा तळ कसा हाय, दादा?"

समोर समुद्रावर चक्क्यांची पाती फिरत होती, आठ एका ओळीत. त्यांच्या उत्तरेला मोकळं पाणी होतं.

"टणक," मी म्हणालो.

"हां," पोशा म्हणाला. "आता बोललास." आणि सुईत नवा दोरा भरायला लागला.